कंट्रोलचा शिक्का

एरंडोलच्या हबीब पिंजारीला रस्त्यात कोणी "कुठे निघालात?" असं विचारत नाही. सायकलकडे पाहिलं की कळतं. मागच्या कॅरियरवर नवीकोरी गादी गुंडाळलेली असेल तर माल पोहोचवायला निघालेत, विटकी असेल तर पिंजायला घेऊन चाललेत, आणि कॅरियर रिकामं असेल तर मात्र थांबवून विचारावं, "हबीबभाऊ, तब्येत बरी ना?"

त्याचे वडील खांद्यावर कापूस पिंजायचं पिंजण टाकून पायी गावोगाव फिरायचे. पिंजणाची तात ताँय-ताँय वाजली की बाया घरातल्या जुन्या गाद्या अंगणात आणून टाकायच्या. हबीबने बाविसाव्या वर्षी काळी, दांडीची, बावीस किलोची सायकल घेतली. पुढे मशीन आलं, पिंजण माळ्यावर गेलं. धाकटा भाऊ हसीब मशीन घेऊन दुकानात बसला. हबीब सायकलवरच राहिला.

"मशीन कापूस पिंजतं," तो म्हणायचा. "पण कोणाची गादी फाटली ते मशीनला कसं कळणार? त्यासाठी दारात जावं लागतं."

अशी छत्तीस वर्षं दारात जाण्यात गेली. मग मागच्या श्रावणात कासोद्याच्या रस्त्यावर एका ट्रॅक्टरला वाट देताना तो सायकलसकट खड्ड्यात गेला. खांद्याचं हाड मोडलं. ते जुळलं असतं आणि विषयही संपला असता. पण झालं असं की कॅरियरवरची गादी सुटून त्याच्या अंगावर पडली आणि त्याच्या हाका तिच्यातच मुरल्या. येणाऱ्याजाणाऱ्याला रस्त्याकडेला फक्त एक गादी दिसायची. दीड तास लोक गादीकडे बघून पुढे गेले. शेवटी बकऱ्या चारणारी एक बाई गादी फुकट मिळतेय का ते बघायला आली, तेव्हा खाली माणूस सापडला.

हे ऐकून एरंडोल हसलं. हबीबही हसला. हसली नाही ती एकटी कहकशा.

कहकशा त्याची एकुलती लेक. जळगावच्या एका दवाखान्यात नर्स. रोज माणसं कशी आणली जातात आणि किती उशिरा आणली जातात, ते बघणारी. तिने हाताची झोळी बांधताना एवढंच म्हटलं, "अब्बू, तुम्ही दीड तास तिथे पडला होतात. आणि कोणाला माहीत नव्हतं."

"सापडलो ना शेवटी?"

"गादीच्या लोभाने सापडलात!"

दिवाळीनंतर खांदा बरा झाला आणि हबीब पुन्हा सायकल काढू लागला, तशी घरात रोजची जुंपली. कहकशाचं म्हणणं सरळ होतं. सायकल भंगारात द्या, काकांच्या दुकानात गल्ल्यावर बसा. हबीबचं म्हणणंही सरळ होतं. "बसलो की संपलो." आणि दोघांच्या मध्ये अमिनाबी, म्हणजे हबीबची बायको, दोघांनाही भाकरी वाढत म्हणायची, "तुम्ही दोघं भांडा. मला एवढंच सांगा, रात्री जेवायला किती जण?"

याच दिवसांत त्याला सपना बिऱ्हाडे भेटली. खरं तर तीच त्याच्या मागे लागली, आणि तेही अक्षरशः.

डिसेंबरातली सकाळ होती. समोरून बोचरा वारा. हबीब पिंपळकोठ्याकडून दोन गाद्या घेऊन पाळधीच्या दिशेने चालला होता. बऱ्याच वेळाने त्याला वाटलं, मागे कोणीतरी आहे. वळून पाहिलं तर डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल घातलेली एक तरुण बाई, पातळ चाकांच्या सायकलवर, त्याच्या गादीला जवळजवळ नाक लावून चाललेली.

"काय पाहिजे बेटा? गादी भरायचीय?"

"नाही चाचा," ती धापा टाकत म्हणाली. "तुमच्या गादीचा आडोसा पाहिजे. वारा सहन होत नाहीये. अकरा किलोमीटर झाले, तुमच्या मागेच आहे."

"मग सांगायचं ना! मी गादी आडवी लावली असती."

चहाच्या टपरीवर दोघं थांबले तेव्हा कळलं की सपना जळगावला जिल्हा परिषदेत इंजिनिअर आहे आणि सुट्टीच्या दिवशी सायकल चालवते. तिच्या सायकलला चोवीस गिअर होते. हबीबने ते मोजले आणि आपल्या सायकलकडे पाहून म्हणाला, "आमचं एकच. पण कायम लागलेलं."

"चाचा, रोज किती चालवता?"

"साठ. कधी सत्तर."

सपनाने चहा खाली ठेवला. "दोनशे चालवाल?"

मग तिने समजावलं. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारीचा एक प्रकार असतो, त्याला ब्रेव्हे म्हणतात.

"बरवं?"

"ब्रेव्हे, चाचा."

"तेच. बरवं."

शर्यत नाही, पहिला नंबर नाही, दुसरा नाही. दोनशे किलोमीटर, साडेतेरा तास. वेळेत पोहोचले ते सगळे सारखे, सगळ्यांची नावं यादीत. मागे मदतीची गाडी नाही. पंक्चर झालं तर आपलं आपण काढायचं, भूक लागली तर वाटेत मिळेल ते विकत घ्यायचं. घरच्या कोणी मध्येच येऊन हातात डबा द्यायचा नाही.

"यात नवीन काय?" हबीब म्हणाला. "हे तर माझं रोजचंच आहे. फक्त त्याला नाव होतं हे माहीत नव्हतं."

ती बोलणी घरी पोहोचली आणि घरात स्फोट झाला. सपना स्वतः एरंडोलला आली. कहकशाने तिला पाणी दिलं, चहा दिला आणि मग समोर बसून विचारलं, "ताई, तुम्ही माझ्या अठ्ठावन्न वर्षांच्या वडिलांना दोनशे किलोमीटर कशासाठी पळवताय?"

"पळवत नाहीये. ते स्वतःच पळतायत. मी मागे होते, वारा चुकवत."

हबीब पटकन म्हणाला, "सौदा कर ना पोरी. मी हे वेळेत पुरं केलं तर सायकल माझी. पुन्हा शब्द काढायचा नाही."

कहकशाने थोडा विचार केला. "आणि नाही केलं तर?"

उत्तर अमिनाबीने स्वयंपाकघरातून दिलं. "तर भंगारवाला. आणि मी त्याला चहासुद्धा देणार नाही."

"कबूल," कहकशा म्हणाली. "पण तुमच्या सांगण्यावर नाही. यांच्या यादीत नाव आलं पाहिजे. वेळेसकट."

"कबूल," हबीब म्हणाला. त्या रात्री त्याने सायकलच्या साखळीला दोनदा तेल दिलं.

सपनाच्याच गटाने फेब्रुवारीतला रविवार ठरवला. पाळधीहून निघायचं, एरंडोल, पारोळा, धुळे करत सोनगीरपर्यंत जायचं आणि त्याच रस्त्याने पाळधीला परत. दोनशे एक किलोमीटर. बाकीच्यांना सगळी माहिती मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये आली. हबीबचा फोन बटणांचा. म्हणून सपनाने आदल्या दिवशी त्याला फोन करून सांगितलं.

"सकाळी सहाला सुरुवात. सायकलला पुढे-मागे दिवा. हेल्मेट मी आणते. तुम्हाला एक पिवळं कार्ड मिळेल. ते जिवापाड जपायचं."

"जपतो."

"मध्ये एकच कंट्रोल आहे. सोनगीरला. तिथे कार्डावर शिक्का घ्यायचा, वेळ लिहून घ्यायची, सही घ्यायची. बारा चाळीसच्या आत. ढाब्यावर आमचा राकेश असेल, काही लागलं तर त्याला सांगा. शिक्का नसेल तर सगळं फुकट, चाचा."

"कंट्रोल ना? समजलं, समजलं."

फोन ठेवताना हबीबला हायसं वाटलं. एवढ्या सगळ्या नव्या शब्दांत एक तरी ओळखीचा निघाला.

सहा वाजता पाळधीच्या पेट्रोल पंपासमोर तेवीस सायकली उभ्या होत्या. बावीस पातळ चाकांच्या आणि एक हबीबची. वह्या-याद्या सांभाळायला हितेंद्र पवार होते. बँकेत तपासनीस, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि चेहरा असा की त्यांना गुड मॉर्निंग म्हटलं तरी पुरावा मागतील. त्यांनी हबीबची सायकल तपासली. दिवा, ब्रेक, घंटी.

"स्टँड कशाला? कॅरियर कशाला? काढून टाका, वजन कमी होईल."

"साहेब, कॅरियर काढलं तर तिचा तोल जाईल. छत्तीस वर्षांची सवय आहे तिला."

हितेंद्र पवारांनी वहीत काहीतरी लिहिलं. हसले नाहीत.

हबीब एरंडोलला सात वाजून पाच मिनिटांनी पोहोचला तर हायवेच्या कडेला अमिनाबी उभी. हातात फडकं.

"अहो कहकशाचे अब्बू! थांबा! कळण्याची भाकरी आणलीय, ठेचा आणलाय."

हबीबने ब्रेक दाबला आणि लगेच हात मागे घेतला. "नको. घरच्यांकडून काही घ्यायचं नाही. नियम आहे."

"बायकोची भाकरी नवऱ्याला चालत नाही? हा कोणी केला नियम?"

"विकत घेतलेलं चालतं. दिलेलं चालत नाही."

अमिनाबीने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग पदर खोचला आणि हात पुढे केला. "काढा दहा रुपये."

पहिलं गिऱ्हाईक म्हणून तिने ठेचा वरून फुकट दिला.

पारोळा गेलं. ऊन चढलं. दोन्ही बाजूंना वेचून झालेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या, मध्ये हिरवा हरभरा, कुठे उंच दादर ज्वारी. एका मुलाने शेतातून ओरडून विचारलं, "चाचा, आज गादी नहीं?" हबीब ओरडला, "आज मीच!" धुळ्याच्या पुढे सपना आणि बाकीची मंडळी परतीच्या वाटेवर समोरून सुसाट गेली. हात हलले. "मस्त चाललंय चाचा!"

सोनगीर आलं तेव्हा बारा वाजून पाच झाले होते. लांबून किल्ल्याची टेकडी दिसली आणि हबीबने हायवे सोडून सरळ गावात सायकल घातली. पारावर एक बाई ज्वारी निवडत बसली होती. तिने आपलं नाव सुंदरबाई असं न विचारताच सांगितलं, कारण तिला वाटलं हेल्मेट घातलेला माणूस म्हणजे सरकारी माणूस, नाव नोंदवायला आलाय.

"बाई, कंट्रोल कोठे शे?" हबीबने अहिराणीत विचारलं.

"कंट्रोल? ते तठे, शाळाना मांगे. पन आज रैवार शे, भाऊ. बंद शे."

"बंद? मंग शिक्का कोन देई?"

"यादवआबा दी. दुकान त्यासनंच शे. घर किल्लाना खाले."

खानदेशात कंट्रोल म्हणजे एकच. रेशनचं दुकान. कंट्रोलचा गहू, कंट्रोलची साखर, कंट्रोलची रांग. हबीबची उभी हयात त्या रांगेत गेली होती. आणि शिक्का घ्यायचा, सही घ्यायची, कार्ड जपायचं, असं सपनाने सांगितल्यावर तर शंकेला जागाच नव्हती. त्या ढाब्यावरचा राकेश चहापाण्यासाठी असेल. शिक्का असतो तो सरकारकडेच.

यादवआबा ओसरीवर बनियनवर बसून पेपर वाचत होते. सत्तरीचे. समोर हेल्मेटवाला घामेघूम माणूस बघून त्यांनी पेपर खाली केला.

"आबा, शिक्का जोयजे."

"आज रैवार शे. उद्या ये."

"उद्या येवाले जमाव नही, आबा. बारा चाळीसना आत जोयजे."

"बारा चाळीस?" आबांना वाटलं काहीतरी नवीन जीआर आला. "कार्ड आणं का?"

"आणेल शे ना!" हबीबने खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेलं पिवळं कार्ड काढून दिलं.

आबांनी चष्मा लावला. कार्ड उलटंसुलटं केलं. "पिवळं शे... पन हाई आपलं नही. घरमां मानसं कितला?"

"तीन."

"आठे तं एकच नाव शे. बाकीना दोन कोठे ग्यात?"

"त्या घर शेतस, आबा. सायकलवर मी एकलाच शे."

"अंगठा लागस का मशीनवर?"

"आबा, माले गहू नको. तांदूय नको. फक्त शिक्का जोयजे. शिक्का, येय आनि सही."

आबांनी पेपर पूर्ण बाजूला ठेवला. "गहू नको?"

"नही."

"मंग कंट्रोलवर कसाले वना?"

तेव्हा हबीबने सगळं सांगितलं. खड्डा, गादी, लेक, सौदा, भंगारवाला, साडेतेरा तास. सांगताना तो सारखा आबांच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता, बारा अठरा झाले होते. आबा ऐकत राहिले. मग त्यांनी आत आवाज दिला, "पार्वता! किल्ली आण वं!"

पार्वताबाईंनी किल्ली आणली आणि तांब्याभर पाणी, मूठभर शेंगदाणे, गुळाचा खडाही आणला. "भाऊ, हाई तरी चालस का तुमना नियममां?"

"चालस, अक्का. तुम्ही मन्हा घरना नहीत ना."

"आते व्हई गऊत," पार्वताबाई म्हणाल्या.

आबा बनियनवर शर्ट चढवून, रविवारी, भर उन्हात, शाळेमागच्या दुकानापर्यंत चालत आले. कुलूप काढलं. शिक्क्याची शाई वाळली होती, तर त्यात दोन थेंब पाणी टाकलं. कार्डावर ठसठशीत निळा शिक्का उमटला. स्वस्त धान्य दुकान, सोनगीर. खाली वेळ, बारा पंचवीस. खाली लफ्फेदार सही.

"चाळीस वरीस झायात," आबा कार्ड परत देत म्हणाले, "धान्य सोडीसन शिक्का मांगनारा पहिला तू. जाय. सायकल वाचाड तुन्ही."

हबीबने त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. सायकलवर बसल्यावर कोपऱ्यापर्यंत तो मागे वळून बघत राहिला.

परतीला वारा समोरून होता. धुळ्याबाहेरच्या एका लहानशा मशिदीत त्याने जोहरची नमाज पढली, दहा मिनिटं कट्ट्यावर पाठ टेकली आणि निघाला. मुकटीपुढे मांड्या बोलू लागल्या. पारोळ्यानंतर त्या बोलायच्याही बंद झाल्या. चढावर तो मनातल्या मनात नावं घेत होता. ज्याने ज्याने आज हात केला, पाणी दाखवलं, "चालू द्या" म्हटलं, त्या सगळ्यांची. अल्लाचं नाव मध्ये मध्ये. असं करता करता चढ संपायचा.

सहा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी तो पाळधीच्या पंपावर उतरला. अंधारून आलं होतं. टाळ्या वाजतील असं त्याला वाटलं होतं, पण कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे त्याच्याकडे धावत आले. सपना सगळ्यात पुढे. आणि तिच्या मागे कहकशा, दवाखान्याच्या कपड्यांतच, डोळे सुजलेले.

"चाचा! दुपारी कुठे होतात तुम्ही?"

"सोनगीरला. आणि कुठे?"

"सोनगीरला तुम्ही आलाच नाहीत! राकेश ढाब्यावर एकपर्यंत थांबला. मग गाडी घेऊन धुळ्यापर्यंत शोधत आला. तुम्ही नाहीच! चौदा फोन केले!"

हबीबने सायकलच्या हवा भरायच्या पंपाच्या पिशवीत हात घातला. ट्यूबच्या आणि चिंध्यांच्या खाली फोन होता. चौदा फोन होते खरे. "वाऱ्यात ऐकू आलं नाही... आणि राकेश आला तेव्हा मी नमाजला असेन." मग त्याचा चेहरा पडला. "पण मी शिक्का घेतलाय! कंट्रोलवरच घेतलाय!"

कार्ड पुढे आलं. सपनाने दिव्याखाली धरलं. स्वस्त धान्य दुकान, सोनगीर. तिने आधी तोंडावर हात धरला, मग ती खाली बसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "कंट्रोल! अरे देवा, कंट्रोल! आमच्या आजीच्या तोंडात रोज होता हा शब्द, आणि मला सुचलंच नाही!"

"हसू नका," हितेंद्र पवार म्हणाले. त्यांनी कार्ड घेतलं. "ढाब्यावर शिक्का घ्यायचा होता."

"पण कार्डावर ढाबा कुठे छापलाय?" सपना उठली. "मी नुसतं 'कंट्रोल, सोनगीर' छापलं. आणि फोनवर ढाब्याचं नाव घेतलं ते चहापाण्यासाठी घेतल्यासारखं. चूक माझी आहे. त्यांनी त्या गावात वेळेत असल्याचा शिक्का, वेळ, सही आणलीय."

"शिक्का मी मानतो," पवार म्हणाले. "प्रश्न शिक्क्याचा नाही. ढाबा गावाच्या एक किलोमीटर दोनशे मीटर पुढे आहे. जाऊन येऊन दोन किलोमीटर चारशे. हे एकशे अठ्ठ्याण्णव किलोमीटर सहाशे मीटर झाले. दोनशे झालेले नाहीत."

कोणीतरी म्हणालं, "अहो साहेब, जाऊ द्या ना." पवार म्हणाले, "त्यांनाच विचारा, जाऊ द्यायचं का."

हबीबने कहकशाकडे पाहिलं. मग त्याने पवारांना विचारलं, "घड्याळ काय म्हणतं, साहेब?"

"चाळीस मिनिटं बाकी आहेत."

"मग बरंच आहे की." हबीबने सायकल वळवली. पाय पेडलवर ठेवताना तो एकदा 'हं' म्हणाला, जसा जड गादी उचलताना म्हणायचा. "आणखी एक, साहेब. लपवत नाही. सकाळी एक भाकरी मी बायकोकडून घेतलीय. पण विकत. दहा रुपयांना."

"पावती?" पवारांनी विचारलं.

हबीब गोंधळला. आणि मग साऱ्यांनी पाहिलं की हितेंद्र पवारांच्या ओठाचा एक कोपरा हलला. त्यांनी वही सपनाच्या हातात दिली आणि भिंतीला टेकलेली स्वतःची सायकल काढली.

"तुम्ही कशाला, साहेब?"

"साक्षीदार नको? चला. जळगावच्या अंगाला एक किलोमीटर दोनशे. पुढे तुम्ही, मागे मी. अंधारात मागचा दिवा दोघांचा बरा."

सात वाजून पाच मिनिटांनी दोघं परत आले. पवारांनी वहीत वेळ लिहिली. तेरा तास पाच मिनिटं. खाली सगळी हकिकत लिहिली, रेशनच्या दुकानासकट, भाकरीसकट, आणि म्हणाले, "हे मी वर पाठवतो. अशी भरपाई नियमात बसते का ते वरचे ठरवतील. मी खोटं लिहिणार नाही, पण कमीही लिहिणार नाही. दोन आठवडे लागतील."

"शुक्रिया, साहेब," हबीब म्हणाला. आणि तो मनापासून म्हणाला. खरं सांगणारा माणूस आपल्याबरोबर दोन किलोमीटर आला होता.

मग तो कहकशाजवळ गेला. "दोन आठवडे थांब म्हणतात. यादी आली की बघू. तोवर सायकल..."

"अब्बू, बसा आधी."

तो पंपाच्या कट्ट्यावर बसला. ती त्याच्या पायाशी बसली आणि सवयीने त्याच्या मनगटाची नाडी बघू लागली. आकडा मोजून झाल्यावरही तिने हात सोडला नाही.

"एक वाजता सपनाताईंचा फोन आला, तुम्ही सोनगीरला पोहोचलाच नाहीत म्हणून," ती म्हणाली. "मला तो खड्डाच दिसायला लागला. मी दवाखान्यातून निघाले आणि त्या रस्त्यावरच्या ज्या ज्या दुकानाचा नंबर इंटरनेटवर मिळाला, त्याला फोन लावत सुटले. अडीचच्या सुमाराला लागला फागण्याचा एक खतवाला. मी म्हटलं, काळी सायकल, म्हातारा माणूस, दिसला का? तो म्हणाला, हबीब पिंजारी ना? आत्ताच गेले. माझ्या लग्नाची गादी त्यांनीच भरली."

"सुपडू असणार," हबीब म्हणाला. "लाल खोळ होती."

"ऐका तर. मग मुकटीचा हॉटेलवाला. पारोळ्याची एक पिठाची गिरणी. मी वडील म्हणायच्या आधी ते तुमचं नाव घेत होते, अब्बू. गिरणीवाल्या बाईंनी तर मलाच रागावलं. म्हणाल्या, पोरी, रडतेस काय, तो माणूस हरवायचा झाला तरी हा रस्ता हरवू देणार नाही. तीन वाजल्यानंतर मला माहीत होतं तुम्ही कुठे आहात ते. दर अर्ध्या तासाला कोणीतरी मला कळवत होतं. मी विचारलंही नव्हतं."

हबीब ऐकत होता. त्याला वाटायचं तो दारोदार जातो, पोटासाठी. त्या दारांतून त्याच्याकडे कोणी बघत असेल, हे त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"मला सायकलची भीती नव्हती," कहकशा म्हणाली. "तुम्ही पडलात तर कोणाला कळणार नाही, याची होती." तिने नाक पुसलं. "यादीचं काय व्हायचं ते होवो. सायकल तुमची. पण फोन पिशवीत नाही, छातीच्या खिशात. आणि आवाज मोठा."

"कबूल."

"आणि घरी आता टेम्पोने जायचं. सपनाताईंनी बोलावलाय. अठरा किलोमीटर अजून चालवायचे नाहीत."

सपनाने श्वास रोखला. पंपावरच्या सगळ्यांनीच रोखला. त्या खड्ड्याचा दिवस सोडला तर छत्तीस वर्षांत हबीब पिंजारी कुठल्या गाडीत बसून एरंडोलला गेल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

हबीबने सायकलकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"चल," तो म्हणाला. "दमलो ग आज."

कहकशाने जन्मात पहिल्यांदा त्याच्या तोंडून हे ऐकलं. टेम्पोत आधी सायकल चढली, तिच्याशेजारी हबीब. टेम्पो पाळधी सोडायच्या आत तो झोपला होता, एक हात कॅरियरवर आणि डोकं लेकीच्या खांद्यावर.